मंगळवारची बाटली

टेकडीवरच्या शेवटच्या घरातलं पाणी दर मंगळवारी तपासायला आणणं माझं काम. चढण जिवावर यायची, म्हणून पहिल्या खेपेनंतर वर्षभर मी ती बाटली शुद्धीकरण केंद्राच्याच नळावर भरली. अहवाल कायम चोख. काल त्या गल्लीत काविळीचे सहा रुग्ण निघाले आणि साहेबांनी मला वर पिटाळलं. दार आजींनी उघडलं. "आलात? बसा." पलंगावर त्यांची नात पडून होती, डोळे हळदीसारखे. पलंगाखालून त्यांनी खोका ओढला. आत ओळीने बाटल्या, प्रत्येकीवर मंगळवारची तारीख. "तुम्हीच शिकवलंत ना, दोन मिनिटं नळ सोडून मग भरायची. म्हटलं, तुमच्यामागे कामं फार, आपण भरून ठेवावी." सुरुवातीच्या नितळ होत्या, शेवटच्या आठ गढूळ. "दमलात चढून," म्हणत आजींनी पेला पुढे केला. मी घुटमळलो. "घ्या हो, उकळलेलं आहे."