एकनिष्ठ वाचक

शेजारचे गुणे शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन दारात उभे राहिले. "खांबेटे, आमच्या झाडाच्या फांदीवरून सहा वर्षं भांडलो. आता मिटवू या."

खांबेट्यांना हे परवडणारं नव्हतं. 'वाहवा' अ‍ॅप कवितेच्या वाचनांवर बक्षीस देई. पण वाचकांच्या मनगटावरची त्याची पट्टी मन लावून वाचलेलंच मोजायला लागली, तेव्हापासून खांबेट्यांच्या कवितांना न वाचताच दाद देणारे चार हजार चाहते बाद ठरले होते. बक्षीस मिळवून देणारा खरा वाचक एकच उरला होता. चुका काढायला प्रत्येक कविता तीनतीनदा वाचणारे हे गुणे!

"मिटवू या?" खांबेटे गरजले. "फांदी कसली, तुमचं अख्खं झाडच तोडतो!"

गुणे लालबुंद होऊन शेंगांसकट परत गेले. खांबेट्यांनी लगेच 'शेवगा' ही कविता टाकली. संध्याकाळपर्यंत गुण्यांनी ती अकरा वेळा वाचली.