सुकडीची रांग

दुष्काळाच्या कामावर सुकडी वाटायला बब्रुवान मुकादमाशिवाय दुसरा माणूस कुणाला चालत नसे. आज त्याच बब्रुवाननं पोरांच्या वाट्याची ती गोड, भाजक्या पिठाची सुकडी मुठी भरभरून खाल्ली. सगळ्या रांगेदेखत. डबा रिकामा झाला तेव्हा बोटं चाटली.

जीपमधून उतरलेल्या ओव्हरसिअर साहेबांनी त्याच्या बायकोला, सरुबाईला, पुढं बोलावलं.

"बाई, यांचं डोकं फिरलंय का? तसं असेल तर सांगा, मी वेड म्हणून लिहितो. नाहीतर चोरीची केस होईल."

सरुबाईला तरी कुठं ठाऊक होतं? वर्ष झालं, माणूस घरात असून नसल्यासारखा. सख्खा भाऊ गेला, तर हा मर्तिकात गूळ मागत बसला. डॉक्टरनं उदासी म्हणून गोळ्या दिल्या, देवऋषीनं बाहेरचं म्हणून अंगारा दिला. गुण कशाचाच आला नाही.

रांगेत ईट गावची म्हाळसाबाई कान टवकारून उभी होती. तिच्या पोराशी सरुबाईच्या लेकीचं, मथुराचं, लग्न ठरलं होतं. चोराच्या लेकीला लोक नावं ठेवतात, पण करून घेतात. वेड्याच्या लेकीला दारात उभं करत नाहीत.

"चोरीच हाय, सायेब," सरुबाई म्हणाली. "मालक चांगले शाने हायेत. त्येंच्या डोक्याला काय बी झाल्यालं न्हाय."

साहेब बब्रुवानकडं वळले. "काय हो मुकादम, लाज नाही वाटली?"

"अजून डबा हाय का?" बब्रुवाननं विचारलं.

कुणी हसलं नाही. जीपमध्ये बसा म्हटल्यावर तो बसला. जीप निघाली तरी त्यानं मागं वळून पाहिलं नाही. सरुबाईला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. मग तिनं पाटी उचलली आणि दिवस मावळेपर्यंत माती टाकली.

घरी मथुरा दारातच उभी होती. बातमी आधीच पोचली होती.

"माय, आबांना लई लाज वाटली असंल न्हाय गं? रडले का?"

सरुबाईनं हातपाय धुतले, पदरानं तोंड पुसलं.

"व्हय," ती म्हणाली. "लई रडले."