देवीच्या साडीची बोली

बाळूनं देवीला आलेली हिरवी साडी लिलावासाठी उंच धरली. "यंदाचे सगळे पैसे बायकांच्या... म्हणजे आरोग्याच्या कामाला!" मंडपात कुणी बोली लावेना. बायकांनी माना खाली घातल्या.

बायको गेल्यापासून एकटेच बसणारे तात्या उठले आणि त्यांनी माइक घेतला. "नीट सांग की. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आहे. आपल्याच शाळेत."

"तात्या, देवीसमोर कसलं बोलताय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"देवी बाईच आहे, तिला कसली लाज? माझी हौसा लाजेपायी गेली. अंगावरून जायचं, रक्त पडायचं, पण मलासुद्धा बोलली नाही. डॉक्टरकडं नेली तेव्हा उशीर झाला होता. आता दुसरी कुणी अशी जायला नको."

मग तात्यांची थोरली वहिनी, सुंदराबाई, पदर खोचून उभी राहिली. "भावजी, तपासणीला पहिलं नाव माझं घ्या." मग ती नवऱ्याकडं वळली. "अहो, तुम्ही काय बघत बसलाय? साडीला बोली लावा!"

बाळू गोंधळला आणि सवयीनं ओरडला, "सुंदराबाईंचं नाव, एक वार!"

एकच हशा पिकला. हसता हसता आणखी दोघी उठल्या. "माझंही घे रे!"

"दोन वार!" बाळूला आता चेव चढला होता. तिसऱ्यांदा पुकारलं की बोली बंद होते, म्हणून तात्यांनी घाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"थांब लेका," ते म्हणाले, "अजून उठतायत."