आजची तारीख

खुर्चीत बसल्या बसल्या शैलजा बिडवेने रोजच्यासारखं मॅक्रोचं बटण दाबलं. गावातल्या प्रत्येकाच्या रक्तावरून काढलेल्या मरणतारखा त्या शीटमध्ये होत्या. मॅक्रो, म्हणजे शीटमधला छोटा प्रोग्रॅम, त्यातून आजच्या तारखेची तेवढी नावं काढायचा आणि शैलजा त्या घरांना ‘आज घरीच थांबा’ असा मेसेज पाठवायची. मेसेजची रोजची वेळ टळून आपलं नाव नाही हे कळेपर्यंत गावात कोणी उंबरा ओलांडत नसे. तारीख आजवर कधी चुकली नव्हती.

आज त्या नावांत तिच्या नवऱ्याचं नाव होतं. माधव बिडवे.

मॅक्रो आजची तारीख कॉम्प्युटरच्या घड्याळातून घेतो, एवढं तिला ठाऊक होतं. तिने घड्याळ एक दिवस मागे नेलं आणि बटण पुन्हा दाबलं. माधवचं नाव गेलं, कालची नावं आली. तिने तीच पाठवून दिली. ज्यांच्या घरातलं माणूस कालच गेलं होतं, त्यांना पुन्हा मेसेज गेला. आजची माणसं निर्धास्त कामाला लागली.

थोड्या वेळाने माधवचा फोन आला. मागे एसटीची घरघर होती.

“मेसेज काही आला नाही, तेव्हा म्हटलं, ताईला भेटून यावं. कधीची बोलावतेय. आता घाट लागेल, मग रेंज जाते, म्हणून सांगून ठेवतोय.”

परत या, म्हणायला तिने तोंड उघडलं. पण मग त्याला सगळं कळलं असतं, आणि तेही परक्या माणसांत एकटा बसलेला असताना.

“पोचलात की फोन करा,” ती म्हणाली.