नऊपर्यंत मौन

सोसायटीच्या हॉलमध्ये महाराजांचं शिबिर झालं आणि आजवर कधी निरांजनही न लावलेला माझा नवरा रोज सकाळी नऊपर्यंत मौन पाळू लागला. बोलणं बंद, टाळ्या सुरू. एक टाळी म्हणजे चहा, दोन म्हणजे टॉवेल.

आज मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, तर आतून टाळ्याच टाळ्या. “थांब रे जरा, मला काय दहा हात आहेत?” मी ओरडले. तरी त्या थांबेनात, तेव्हा ओला शर्ट बादलीत आपटून आत गेले.

आमची दीड वर्षाची मनवा त्याच्या हातावर पालथी होती. ओठ निळे. मी ज्यांना टाळ्या समजले, त्या तिच्या पाठीवरच्या थापा होत्या. तेवढ्यात महाराजांच्या प्रसादातला शेंगदाणा तिच्या तोंडातून लादीवर पडला आणि तिने भोकाड पसरलं.

“हाक का नाही मारलीस?” तिला छातीशी घेत मी किंचाळले.

घड्याळात साडेआठ. मी ते भिंतीवरून काढून काटे फिरवले. “घे, वाजले नऊ. आता तरी तोंड उघड!”

“मारली गं,” तो म्हणाला. “हिची शप्पथ. आवाजच फुटला नाही.”