शेठ येईपर्यंत

"शेठ येईपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचा न्हाई," चन्नप्पा म्हणाले, आणि नाजियाने पुढे केलेला हात मागे घेतला.

माजलगावजवळच्या या नव्या कारखान्यात कुत्रा चावल्यावर टोचायची लस बनणार होती. लशीचे विषाणू जनावराच्या ज्या पेशींत वाढवायचे, त्या नाजियाने थेंबभर बीजापासून तळहाताच्या फोडासारख्या जपल्या होत्या. आता छोट्या टाकीत त्यांना जागा पुरेना. शेजारच्या दहापट मोठ्या टाकीत ताजं, कोमट खाद्य तयार होतं. मधला व्हॉल्व्ह उघडायचा, की झालं.

पण सुपरवायझर चन्नप्पांची उभी हयात साखर कारखान्यात गेलेली. तिथे हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पाहुण्यांच्याच हातून पडायची. पाहुण्यांना संध्याकाळ झाली तरी उसाचं काय बिघडतंय? तसा इथला व्हॉल्व्ह कारखान्याचे मालक शेठ आणि त्यांच्या पत्नी नीलाबाई जोडीने उघडणार होते. सकाळी यायचे ते दुपार कलली तरी वाटेतल्या दिंद्रुडलाच हार घालून घेत होते.

"काका, ह्यो ऊस न्हाई. खाणं संपलंय त्यांचं."

"आन् शेठ इच्यारतील तवा? माझी नोकरी हाय पोरी."

नाजिया चिडली. तिने नमुना काढला, त्यात रंग मिसळला आणि चन्नप्पांना सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"हे निळं निळं काय हाय?"

"मेलेल्या. सकाळी एखाददुसरी होती."

चन्नप्पा पुन्हा वाकले. बराच वेळ डोळा काढेनात.

"उघड," ते म्हणाले.

तिने दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह फिरवला. मोठ्या टाकीच्या पडद्यावरचा आकडा आधी ढिम्म राहिला, मग हलला. पेशी प्राणवायू ओढू लागल्या होत्या. "काका, जगल्या!" नाजियाला उड्या माराव्याशा वाटल्या, आणि आनंदाच्या भरात तिने एक मारलीही.

तेवढ्यात काचेपलीकडे नीलाबाईंसह शेठ आले. हातात नारळ, मागे फोटोवाला.

"आमच्याआधीच उघडलं?" त्यांचा आवाज चढला. "कुणाला इच्यारून?"

चन्नप्पांची मान खाली गेली. नाजिया पुढे झाली. "थांबले असते तर मेल्या असत्या साहेब. उपाशी होत्या."

शेठ काही बोलायच्या आत नीलाबाईंनी पदर सावरला.

"बरं केलंस बाई. लेकरं भुकेली असताना पाव्हण्याची वाट कोण बघतंय?"

आणि त्यांनी काचेला नाक लावलं. "कुठं हायती? दाव की."

नारळ फोटोवाल्याच्या हाती देऊन शेठही काचेशी वाकले.