दुसरा पट्टा
"लाकडं ओली आहेत, म्हणून जास्त लागतात," ऑरिन घर तापवणाऱ्या परसातल्या बॉयलरमध्ये ओंडका सारत म्हणाला. वर्नाला ते पटेना. घर तेच, माणसं तीच दोन, मग नोव्हेंबरातच लाकडांची रास निम्म्यावर कशी? परवा नवऱ्याने काजळीला दोष दिला होता, काल झडपेला. "शेजारच्या लव्हॉनच्या दारात ढलपीसुद्धा नाही, तरी बया घरात बिनबाह्यांच्या झग्यात हिंडते. आपलीच लाकडं पळवत असणार!" ती फणकारली. "उगाच गरीब विधवेवर आळ घेऊ नकोस," ऑरिन खेकसला. रात्री हंगामातला पहिला बर्फ पडला. सकाळी वर्नाने खिडकीतून पाहिलं. बॉयलरचं गरम पाणी घरात आणणाऱ्या जमिनीखालच्या स्वस्त पाइपमधून ऊब झिरपून त्याच्यावरचा बर्फ दरवर्षीसारखाच वितळला होता आणि काळा पट्टा पडला होता. यंदा बॉयलरपासूनच निघालेला दुसरा पट्टा लव्हॉनच्या भिंतीपर्यंत गेला होता. "ऑरिन," ती म्हणाली, "या वेळी तरी पाइप चांगला घ्यायचा होतास!"